एसएलआर पॉझिटिव्ह, पण पाय उचलला कोणी?

मेडिकलची मुलंमुली माझ्याकडे समुपदेशनाला येतात, त्यांचा एक प्रश्न आता इतक्या वेळा ऐकलाय की पहिल्या दोन वाक्यांतच कळतं गाडी कुठे चाललीय. "ऑनलाइन केसेस मला मस्त सुटतात, पण वॉर्डात पेशंटसमोर उभं राहिलं की डोकं बंद पडतं, म्हणजे इतके दिवस शिकले ते सगळं खोटंच का?" त्यातल्याच एकीची गोष्ट सांगते, तिला विचारून, आणि ओळख पटेल असं सगळं बदलून.

त्यांच्या कॉलेजात क्लिनिकल टीचिंगचा बराच भाग ऑनलाइन केसेसवर चालायचा. पेशंटची हिस्ट्री वाचायची, तपासण्या निवडायच्या, क्लिक केलं की रिपोर्ट उघडतो, मग डायग्नोसिस टाकायचं आणि शेवटी ग्रुपवर चर्चा. ही त्यात कायम पुढे, बाकीचे कॅमेरा बंद करून गप्प आणि हिचं उत्तर तयार. आणि मग वॉर्डातल्या पोस्टिंगच्या पहिल्याच आठवड्यात एका आजोबांची केस घ्यायला गेली, तर आजोबा नातवाच्या नोकरीबद्दल बोलत सुटले, अर्ध्या तासाने हिच्या वहीत चार ओळी, आणि राउंडला सरांनी विचारलं, धाप कधीपासून लागते, तर हिला आपण ते विचारलं होतं की नाही हेसुद्धा आठवेना. सर काही बोलले नाहीत, नुसते पुढच्या बेडकडे गेले. ते तिला जास्त लागलं. त्यानंतर सकाळी पोटात गोळा, वॉर्डात मुद्दाम उशिरा जायचं, घोळक्यात सगळ्यात मागे उभं राहायचं.

झोप, भूक, जगणं नकोसं वाटतं का, हे सगळं मी आधी विचारून घेतलं. तसं काही नव्हतं. असतं तर ही गोष्ट वेगळ्या रस्त्याने गेली असती.

मग म्हटलं, एखादी केस मला उघडून दाखव. तिने फोनवर दाखवली. 45 वर्षांचा पुरुष, 3 आठवडे कंबरदुखी, उजव्या पायात कळ, एसएलआर 40 अंशांना पॉझिटिव्ह. मी विचारलं हे एसएलआर म्हणजे काय गं. एकदम खुलली. स्ट्रेट लेग रेझ, म्हणजे पेशंटला उताणं झोपवायचं, गुडघा सरळ ठेवून पाय आपण हळूहळू उचलायचा, साधारण 30 ते 70 अंशांच्या मध्ये गुडघ्याच्या खालपर्यंत कळ गेली तर नस दबली असण्याची शक्यता, नुसती मांडीमागे ओढ बसली तर ते धरायचं नाही. मला, म्हणजे डॉक्टर नसलेल्या बाईला, पहिल्या फटक्यात समजलं.

"बरं, मग ह्या माणसाचा पाय उचलला कोणी?"

"म्हणजे? ते... लिहिलेलंच असतं मॅडम."

आणि गप्प झाली. तोपर्यंत एकाही माणसाचा पाय तिने तसा उचलला नव्हता.

माझं मत इथेच सांगून टाकते. ऑनलाइन केस फालतू असते असं मी म्हणणार नाही. चुकीचं डायग्नोसिस टाकलं तरी कोणी दगावत नाही, रात्री बाराला परत उघडता येते, आणि वॉर्डात वर्षभरात एकदाही न दिसणारा आजार तिथे दिसतो. पण त्या केसमध्ये सगळ्यात कष्टाचं काम कोणीतरी आधीच करून ठेवलेलं असतं. पेशंटच्या बोलण्याचा गुंता सोडवलेला, बिनकामाचं गाळलेलं, पाय उचलून झालेला, आकडा लिहिलेला. तुम्हाला उरतो तो विचार करायचा भाग, तो तिला उत्तम येत होता. जॉर्ज मिलर यांनी 1990 मध्ये क्लिनिकल कौशल्याच्या चार पायऱ्या मांडल्या होत्या, माहीत असणं, कसं करायचं ते माहीत असणं, करून दाखवणं आणि प्रत्यक्ष कामात करणं. मी तिला कागदावर काढून दिल्या आणि म्हटलं कुठे आहेस ते बोट ठेव. तिने दुसरीवर ठेवलं आणि तिचं तीच म्हणाली, "म्हणजे मी खोटी नाहीये, अर्धी आहे." अर्धी शब्द मला काही आवडला नाही, पण खोटीपेक्षा बरा म्हणून सोडून दिला.

पुढच्या सेशनला मी पेशंट झाले. नाटक नको म्हणून माझीच खरी पाठ घेतली, दुखतेच ती. मी सुरू केलं, काय सांगू, आधी वाटलं खुर्चीमुळे, मग बहिणीकडे गेले होते तिथे गादी मऊ होती... आणि हिने लगेच, "दुखणं पायात जातं का?" घड्याळात बघितलं, 11 सेकंद. तिला सांगितलं की डॉक्टर लोकांचंही असंच होतं, बेकमन आणि फ्रँकल यांच्या 1984 च्या अभ्यासात पेशंट बोलायला लागल्यावर सरासरी 18 सेकंदांत डॉक्टर मध्ये तोंड घालत होते. ती हसली. त्या महिन्यात पहिल्यांदा हसली असेल.

दुसऱ्यांदा तिने मला बोलू दिलं. भरकटले तरी दिलं. दीड मिनिटात मी आपणहून थांबले आणि थांबता थांबता बोलून गेले की हल्ली डाव्या पोटरीत मुंग्या येतात. हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं. तिने पुढे लघवीवर ताबा आहे ना, बसायच्या जागी बधिरपणा आहे का, ताप, वजन कमी होणं, सगळं क्रमाने विचारलं आणि ते सगळं त्याच फोनवरच्या केसमधून आलेलं, बरं का! म्हणजे माल आत होता, पेशंट बोलेपर्यंत तो बाहेर काढायची घाई तेवढी थांबवायची होती.

घरचा अभ्यास दोनच गोष्टींचा ठरवला. पोस्टिंगला रोज एकाच पेशंटजवळ बसायचं, पहिली दोन मिनिटं पेन खाली. आणि ऑनलाइन केसमध्ये तपासणीचं जे जे लिहिलेलं दिसेल ते रूममेटवर करून बघायचं. रूममेटचा पाय 80 अंशांपर्यंत गेला आणि तिची फक्त मांडी ताणली, हे मला कौतुकाने सांगितलं. नॉर्मल म्हणजे काय हे हाताला कळलं, असं म्हणाली.

सगळ्यांचं दुखणं हेच असतं असं नाही हं. माझ्याकडे एक मुलगा यायचा, बोलताना अडखळायचा, त्याला ऑनलाइन चर्चेत टाइप करता यायचं म्हणून आयुष्यात पहिल्यांदा ग्रुपने त्याचं ऐकलं. त्याला जर मी म्हटलं असतं हे सोड आणि वॉर्डात जा, तर वाट लावली असती.

हिचं सगळं जमलं असंही नाही. हृदयाचे वेगवेगळे आवाज अजून एकसारखेच ऐकू येतात म्हणते, त्यासाठी रेसिडेंट डॉक्टरला गाठून आठवड्यातून एकदा शेजारी उभं राहून ऐकायचं ठरवलंय, दोनदा गाठला, एकदा तो झोपेत होता. राउंडला मात्र आता घोळक्यात मधे उभी असते.

शेवटच्या सेशनला उठता उठता दाराशी थांबली. "मॅडम, मुंग्यांचं दाखवलंत का कोणाला?"

नव्हतं दाखवलं. आता उद्याची अपॉइंटमेंट घेतलीय.