जगबुडीची तारीख आणि नववीतला मुलगा

"जग बुडणार असे वाचून मुलगा घाबरला आहे, त्याला कसे समजवावे?" हा प्रश्न पालक मला वरचेवर विचारतात आणि त्यामागे बहुतेक वेळा मध्य अमेरिकेतील प्राचीन माया संस्कृतीच्या कालगणनेचा हवाला असतो. उत्तरादाखल जून 2020 मधील एक अनुभव मांडते. कुटुंबाची ओळख पटू नये एवढ्यापुरते तपशील बदलले आहेत.

मुलगा श्रीवर्धनकडचा, नुकताच नववीत गेलेला. 3 जूनला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले तेव्हा घरावरचे पत्रे उडून जाताना त्याने पाहिले होते. आजोबांनी लावलेली सुपारीची वाडी एका दुपारीत आडवी झाली होती. गावात वीज नव्हती, म्हणून त्याला, आईला आणि आजीला पनवेलला मामाकडे पाठवून वडील डागडुजीसाठी मागे राहिले. पनवेलला आल्यावर मामाच्या मोबाइलवर त्याने एक संदेश वाचला. मायांनी सांगितलेला जगाचा अंत 2012 मध्ये नव्हे, तर 21 जून 2020 रोजी आहे, कारण आधीचा हिशेब आठ वर्षांनी चुकला होता, असे त्यात म्हटले होते. त्याच दिवशी सूर्यग्रहणही होते. टाळेबंदी, विदर्भात आलेली टोळधाड, डोळ्यांदेखत झालेले वादळ हे सगळे त्याने एका माळेत ओवले आणि त्याची झोप उडाली.

"मॅडम, काही होणार नाही म्हणून मी त्याला शंभरदा सांगते. पाच मिनिटं बरा असतो, की पुन्हा तेच विचारतो," असे आई रडवेल्या आवाजात म्हणाली. मामा त्याची थट्टा करत आणि एकदा का 21 तारीख उलटली की डोक्यातले खूळ आपोआप जाईल, असे त्यांचे म्हणणे होते.

तारीख उलटण्याची वाट पाहण्याचा हा सल्ला मला मान्य नाही. अशा भाकितांत तारीख पुढे सरकत राहते. पृथ्वीवर आदळणार म्हणून गाजवलेल्या निबिरू नावाच्या काल्पनिक ग्रहासाठी आधी मे 2003 चा मुहूर्त सांगितला गेला होता. तो टळल्यावर तीच गोष्ट 2012 ला चिकटवण्यात आली. केवळ तारीख टळली म्हणून सावरलेला मुलगा नवी तारीख आली की पुन्हा तितकाच खचतो. शिवाय मधल्या काळात त्याने एकट्याने काढलेल्या रात्रींचे काय?

टाळेबंदीमुळे आमचे बोलणे व्हिडिओ कॉलवर झाले. पहिल्याच भेटीत त्याने वही कॅमेऱ्यासमोर धरली. 1752 साली जुनी दिनदर्शिका सोडून ग्रेगरियन, म्हणजे आज आपण वापरतो ती, दिनदर्शिका घेतली, तेव्हापासून दरवर्षी 11 दिवस गळाले, म्हणून 268 गुणिले 11 बरोबर 2948 दिवस, म्हणजे आठ वर्षे, असा त्या संदेशातला हिशेब त्याने नीट आखून पुन्हा मांडला होता. "मी तीनदा तपासलं. गणित बरोबर येतं, मॅडम," असे तो अगदी हळू आवाजात म्हणाला. घरातल्या कोणीही ती वही उघडून पाहिली नव्हती.

मी म्हटले, "गुणाकार बरोबर आहे. पण गुणायचे कशासाठी, ते मला सांग." मग आम्ही मिळून पाहिले की ब्रिटन आणि त्याच्या वसाहतींनी 2 सप्टेंबर 1752 नंतरचा दिवस 14 सप्टेंबर धरला आणि ते 11 दिवस एकदाच वगळले, ते दरवर्षी गळत नाहीत. त्याहून महत्त्वाचे म्हणजे मायांची दीर्घ गणना ही सलग दिवसांची मोजणी आहे, तिला युरोपातल्या दिनदर्शिका बदलल्याने काहीच फरक पडत नाही. 20 दिवसांचा एक विनाल, 18 विनालांचा म्हणजे 360 दिवसांचा एक तुन, 20 तुनांचा एक कातुन आणि 20 कातुनांचा एक बाकतुन, म्हणजे 1,44,000 दिवस. असे 13 बाकतुन झाले की 18,72,000 दिवस भरतात. त्याला मी भागाकार करायला सांगितला आणि उत्तर सुमारे 5125 वर्षे आले. इसवी सनपूर्व 3114 मधील 11 ऑगस्टपासून तेवढे दिवस मोजले की 21 डिसेंबर 2012 येतो, आणि ही तारीख मुळातच ग्रेगरियन पद्धतीने काढलेली आहे, त्यामुळे तिच्यात पुन्हा आठ वर्षे मिळवण्याला काही आधार उरत नाही.

"पण मोजणी संपलीच ना?" त्याचा पुढचा प्रश्न रास्त होता. आजी शेजारीच बसली होती, म्हणून मी तिलाच पंचांगातल्या साठ संवत्सरांबद्दल विचारले. प्रभवापासून सुरू होणारे हे चक्र क्षय संवत्सराला संपते आणि पुढच्या पाडव्याला पुन्हा प्रभव येते; शके 1908 हे क्षय होते आणि 1987 च्या पाडव्याला नवे चक्र सुरू झाले. मायांचेही तसेच आहे. मेक्सिकोतील पालेंके येथील एका कोरीव लेखात पाकाल राजाच्या राज्यारोहणाचा संबंध थेट इसवी सन 4772 मधील एका दिवसाशी जोडलेला आहे. 2012 ला सगळे संपणार असे मानणाऱ्यांनी तो दिवस कशाला कोरला असता? मुलाला आणखी एका गोष्टीचे नवल वाटले: माया लोक नाहीसे झालेले नाहीत, ग्वाटेमालात आणि दक्षिण मेक्सिकोत आजही ते लाखोंच्या संख्येने राहतात आणि 260 दिवसांची पवित्र गणना करणारे जाणकार त्यांच्यात अजून आहेत. 1962 च्या फेब्रुवारीतली अष्टग्रही, म्हणजे आठ ग्रह एका राशीत आल्याचा योग, आणि 1979 च्या जुलैत स्कायलॅब हे अमेरिकेचे अंतराळस्थानक कोसळल्याचे दिवस आजीने पाहिले होते. तेव्हाही लोकांनी जगाचा निरोप घेण्याची तयारी केली होती, हे तिने सांगितले ते नातवाने कान देऊन ऐकले.

एवढ्यावर भीती गेली असती तर हे प्रकरण लिहिण्यासारखे नव्हते. दोन दिवसांनी आईचा फोन आला की तो पुन्हा विचारतो आहे, आणि मला तेच अपेक्षित होते. माहिती एकदा, पूर्ण आणि आदराने द्यावी लागते, पण ती भीतीवरचा इलाज नाही. दर वेळी "काही होणार नाही" असे ऐकून मिळणारा दिलासा क्षणभर टिकतो आणि विचारण्याची गरज मात्र वाढवतो, म्हणून शंभराव्या उत्तराचा उपयोग पहिल्यापेक्षा कमी होतो. आम्ही संध्याकाळी साडेसहा ते सात ही चिंतेची वेळ ठरवली. दिवसभर मनात येईल ते त्याने वहीत लिहायचे आणि त्या अर्ध्या तासात आईने फोन बाजूला ठेवून सगळे ऐकायचे. इतर वेळी "वहीत लिही, संध्याकाळी बोलू" एवढेच म्हणायचे. रात्री आठनंतर मोबाइल बंद. मामांना थट्टा थांबवायला सांगितले आणि त्यांनी ती थांबवली.

वहीतल्या नोंदी वाचताना खरी गोष्ट हाती लागली. मायांबद्दलची वाक्ये दोन-चारच होती, बाकी सगळे वडिलांबद्दल होते: बाबा छपरावर चढले असतील का, पुन्हा वारा सुटला तर, 21 तारखेला ते एकटेच असतील. जग संपण्याच्या तारखेला घरचे सगळे एका ठिकाणी नसतील, या विचाराने तो खचला होता. वादळाच्या दुपारी वडील वाडीकडे गेले होते आणि बराच वेळ परतले नव्हते, हे त्याने मला त्यानंतर सांगितले. तोवर आईलाही त्याने ते बोलून दाखवले नव्हते. मग माया मागे पडले आणि आम्ही त्या दुपारीबद्दल बोलू लागलो. जिथे चार्जिंग आणि रेंज मिळेल तिथे जाऊन वडिलांनी रोज ठरल्या वेळी फोन करायचा, असे ठरले.

21 जूनला रविवार होता. ग्रहण महाराष्ट्रात खंडग्रास होते, सकाळी दहाच्या सुमारास लागून दुपारी दीडच्या सुमारास सुटले. त्या दिवशी तो घाबरलाच नाही असे नाही, पण जेवला आणि रात्री झोपला. जुलैमध्ये दुसऱ्या कोणत्यातरी तारखेचा संदेश आला, तेव्हा त्याने तो आईला लगेच दाखवला नाही. वहीत नोंद केली आणि साडेसहाला विषय काढला.

पालकांना एक सांगणे आहे. जगण्यात काही अर्थ उरला नाही असा विचार येतो का, हे मी या मुलाला पहिल्याच भेटीत सरळ विचारले होते आणि त्याचे उत्तर नाही असे होते. हा प्रश्न विचारल्याने मुलाच्या मनात तसा विचार रुजत नाही. 2012 च्या आधी नासाच्या शास्त्रज्ञांकडे येणाऱ्या पत्रांत आत्महत्येचा विचार बोलून दाखवणारी मुलेही होती. मूल असे काही सुचवत असेल, किंवा दोन-तीन आठवडे त्याची झोप आणि जेवण विस्कटलेले असेल, तर बालमानसोपचारतज्ज्ञांना दाखवावे. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या क्रमांकावर दिवसरात्र मोफत बोलता येते आणि तिथे मराठीतूनही बोलता येते.