ओकच्या कुळातलं झाड उष्ण कटिबंधातल्या वर्षावनात कसं काय?

ट्रायगोनोबॅलॅनस या ओकच्या नात्यातल्या दुर्मीळ झाडाबद्दल वाचून तुम्हाला पडलेली शंका अशी, की ओक म्हणजे बर्फाळ देशांतलं झाड, मग त्याचा भाऊबंद बोर्निओत काय करतोय?

खरं तर हे कुळ थंडीचं आहे ही समजूतच अर्धवट आहे. ओक, बीच, चेस्टनट हे सगळे फॅगेसी कुळातले. कुळात सुमारे ९०० जाती, आणि त्यांतला मोठा वाटा उष्ण आणि उपोष्ण आशियात. लिथोकार्पस या एकाच प्रजातीत (प्रजाती म्हणजे जवळच्या जातींचा गट) ३०० हून जास्त जाती आहेत, त्यांतल्या बऱ्याचशा आग्नेय आशियातल्या जंगलांत. आपण युरोपातला ओक चित्रांत पाहत मोठे झालो, म्हणून कुळाचा चेहरा तोच वाटतो.

म्हणजे वर्षावनात सापडणं हे या झाडाचं नवल नाही. मला नवल वाटतं ते त्याच्या पत्त्यांचं. प्रजातीत जाती फक्त तीन. पहिली, व्हर्टिसिलाटा, मलाया, सुमात्रा, बोर्निओ आणि सुलावेसीच्या डोंगरांत, तीही तुटक ठिकाणी. दुसरी, डोइचांगेन्सिस, उत्तर थायलंड आणि चीनच्या युनान प्रांतात. (हे नाव थायलंडमधल्या डोई चांग डोंगरावरून.) आणि तिसरी, एक्सेल्सा, थेट कोलंबियात! मध्ये अख्खा पॅसिफिक. कोलंबियात तिला ‘रोब्ले नेग्रो’, काळा ओक म्हणतात, आणि शास्त्रीय नाव मिळायला १९७९ उजाडलं.

थायलंडच्या जातीला एमे कामू या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ बाईंनी आधी सरळ ओकमध्येच टाकलं होतं. त्या ओकच्या मोठ्या जाणकार, पण फळ नीट पाहिलं तर ते ओकमध्ये बसत नाही. ओकचं फळ गोलसर, बुडाशी वाटीसारखं आवरण, आणि एका वाटीत एकच फळ. इथे खवलेदार पाकळ्यांसारख्या उघडणाऱ्या वाटीत काही मिलिमीटरची इवली फळं शेजारी शेजारी बसलेली असतात, आणि प्रत्येकाला तीन धारा. तीन धारांचं फळ ही बीचची खूण. बाकी झाड मात्र ओकसारखं. १९६२ मध्ये लंडनच्या क्यू वनस्पती उद्यानातल्या फोरमन यांनी या झाडांसाठी वेगळी प्रजाती केली. पुढे १९८९ मध्ये निक्सन आणि क्रेपेट या वनस्पतिशास्त्रज्ञांनी तिचे तीन तुकडे केले, प्रत्येक जातीला स्वतंत्र प्रजाती. मला ते पटत नाही. एकेका जातीची प्रजाती करून नात्याचा धागाच दिसेनासा होतो. डीएनएच्या अभ्यासातही तिन्ही एकत्रच येतात: कुळातून आधी बीच फुटला, मग ही मंडळी, आणि ओक-चेस्टनटचा गोतावळा त्यांच्या पलीकडे.

मग पॅसिफिक ओलांडला कसा? बहुधा ओलांडलाच नाही. सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी उत्तर गोलार्ध खूप उबदार होता आणि आशिया, युरोप, उत्तर अमेरिका यांच्यात जमिनीच्या वाटा होत्या. या झाडाच्या जवळच्या नातलगांचे जीवाश्म अमेरिकेतल्या टेनेसीत मिळालेत, युरोपातही मिळालेत, म्हणजे आज जिथे यांतलं एकही झाड नाही तिथे. पुढे हवा थंडावली आणि उत्तरेकडचे सगळे गेले. उरले ते दक्षिणेकडच्या दमट डोंगरउतारांवर, दोन टोकांना. त्यामुळे ‘दुर्मीळ’ म्हणताना मी जरा सांभाळून म्हणतो. जिथे आहे तिथे हे झाड कळपानेही उभं असतं, कोलंबियाच्या ग्वाचारोस राष्ट्रीय उद्यानात तर चांगलंच दाट. पण एका कळपातून दुसऱ्याकडे बी पोचायची वाट नाही, म्हणून एखादा उतार शेतीसाठी साफ झाला की तिथला वंश संपला. चीनमध्ये डोइचांगेन्सिस संरक्षित यादीत आहे.

कधी बोर्निओतल्या किनाबालू पर्वतावर गेलात तर व्हर्टिसिलाटा शिखराकडे शोधू नका, मधल्या उंचीच्या ढगाळ जंगलात पाहा. बुंध्याच्या तळाशी फुटव्यांचा झुबका असतो, म्हातारं खोड पडलं तरी त्यातलाच एखादा फुटवा वर येतो. शंका राहिली तर फांदी पाहा. ओकची पानं एकाआड एक येतात, व्हर्टिसिलाटाची एकाच पेऱ्यावर तीन-तीन. ही खूण मात्र कोलंबिया-थायलंडात चालणार नाही, तिथल्या जातींची पानं एकाआड एकच असतात. तिथे फळच बघावं लागतं.