पिल्लं खात नाहीत? जरा थांब

अरे, लेपर्ड गेकोची (ठिपकेदार पाळीव पालीची) पिल्लं अंड्यातून निघून दोनच दिवस झालेत ना? मग खात नाहीत म्हणून घाबरू नकोस. पोटात अंड्यातला बलक शिल्लक असतो. तीन-चार दिवसांत पहिली कात टाकतील, बहुधा स्वतःच गिळतील, मग भूक लागेल. तेव्हा बारीक रातकिडे दे. किडा पिल्लाच्या दोन डोळ्यांमधल्या अंतराहून रुंद नको. पिशवीत डी-३ जीवनसत्त्व असलेली कॅल्शियमची पूड घालून किडे हलव, पांढरे झाले की सोड. उरलेले रात्री काढायचेच, नाहीतर ते पिल्लालाच कुरतडतात.

खाली वाळू अजिबात नको, साधा टिश्यू पेपर. प्रत्येकाला वेगळा डबा, एका टोकाला ३१-३२ अंश ऊब, दुसरं टोक गार. इंदूरच्या जानेवारीत कधी कधी पारा १० च्या खाली जातो, तरी थर्मोस्टॅटशिवाय (तापमान आपोआप आवरणाऱ्या यंत्राशिवाय) हीट मॅट, म्हणजे डब्याखालची विजेची गरम चटई, लावू नकोस. माझं एक पिल्लू असंच पोटाला भाजलं होतं, अजून मनाला लागतं.

श्रीखंडाच्या रिकाम्या डबीला बाजूने भोक पाडून आत ओला टिश्यू ठेव, कात टाकायला. बोटांवर कात अडकली तर ओढू नकोस, कोमट पाण्यात पाय भिजव. आजी 'पाल, पाल' ओरडेल. आमच्याकडे महिनाभर चाललं होतं.