खनिज तेल कमी वापरायचं म्हणजे हाल सोसायचे का?
तेल अचानक तुटलं तर हाल होतातच. १९९१ मध्ये सोव्हिएत संघ कोसळला, त्याच्याकडून येणारं स्वस्त तेल थांबलं आणि क्युबात माणसं पोटाला चिमटा काढून वाळली. पण ठरवून कमी केलं तर? डेन्मार्कने १९७३ च्या तेलसंकटात रविवारी गाड्या बंद ठेवल्या, मग वर्षानुवर्षं खपून सायकलमार्ग आणि पवनचक्क्या उभ्या केल्या. आज तिथली निम्म्याच्या आसपास वीज वाऱ्यापासून येते. ती माणसं हालात जगतात असं कोण म्हणेल?

मला चीड येते ती तेल कंपन्यांच्या बेपर्वाईची. एक्सॉन या अमेरिकी तेल कंपनीच्या शास्त्रज्ञाने १९७७ मध्येच वरिष्ठांना इंधन जाळल्याने होणाऱ्या तापमानवाढीचा धोका समजावला होता. तरी कंपनी पुढे कित्येक वर्षं लोकांच्या मनात शंकाच पेरत राहिली. तयारीला मिळाली असती ती हीच वर्षं.