इंग्रजी सिनेमा आणि गाण्यांनी जर्मनीचं काय केलं?

तुम्ही विचारलंय की इंग्रजी सिनेमे, मालिका आणि गाण्यांच्या माऱ्यात जर्मन संस्कृती हरवत चालली आहे का. पुण्यात जर्मन शिकताना हा प्रश्न पडला, असंही लिहिलंय. मी बरीच वर्षं हॅम्बुर्गमध्ये राहते. प्रभाव प्रचंड आहे, त्यात वादच नाही. पण ‘हरवत चालली आहे’ हे मला पटत नाही. इंग्रजीतून आलेलं जे इथे रुजलं, त्यातलं बरंचसं जर्मनांनी स्वतःच्या आवाजात पुन्हा बोलून रुजवलं. त्या पुन्हा बोलण्यात कधी कधी सत्यही दडवलं गेलं, तेही सांगते.

सुरुवात नाझी काळापासून करावी लागेल. याच हॅम्बुर्गमध्ये काही तरुण मुलंमुली चोरून अमेरिकन आणि ब्रिटिश स्विंग संगीत ऐकत, त्यावर नाचत. 1941च्या सुमारास गेस्टापोनं, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांनी, त्यांची धरपकड केली. शेकडो जण पकडले गेले आणि काहींची रवानगी छळछावण्यांत झाली. निव्वळ गाण्यापायी. त्यामुळे 1945 नंतर अमेरिकन सैन्याचं एएफएन रेडिओ केंद्र सुरू झालं, ते खरं तर सैनिकांसाठी, तेव्हा जर्मन तरुण त्याला कान लावून का बसले हे समजू शकतं. घरात नाझी राजवटीच्या मागच्या बारा वर्षांबद्दल कुणी तोंड उघडत नव्हतं. रेडिओवर मात्र मोकळा, हसरा आवाज होता. हे आक्रमण होतं असं म्हणणाऱ्यांनी त्या पिढीतल्या एखाद्या आजीआजोबांशी बोलून बघावं.

माध्यमांची घडणही त्याच काळातली. ब्रिटिशांनी त्यांच्या ताब्यातल्या भागात बीबीसीच्या धर्तीवर एनडब्ल्यूडीआर हे नभोवाणी केंद्र उभारलं. त्याचे सुरुवातीच्या काळातले प्रमुख ह्यू कार्लटन ग्रीन पुढे बीबीसीचेच महासंचालक झाले. आजची एनडीआर आणि डब्ल्यूडीआर ही सार्वजनिक प्रसारण केंद्रं त्यातूनच निघाली. ‘श्पीगल’ साप्ताहिकाची सुरुवातही 1946 मध्ये ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या देखरेखीखाली वेगळ्या नावानं झाली, आणि जानेवारी 1947 पासून ते जर्मन पत्रकार रुडोल्फ आउगश्टाइन यांच्या हाती आलं. आज जर्मन माणूस यांना शंभर टक्के आपलं समजतो, आणि ते बरोबरच आहे.

आता डबिंग. माझ्या मते तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर इथेच आहे. नेदरलँड्समध्ये किंवा स्वीडनमध्ये मोठ्यांसाठीचे इंग्रजी सिनेमे मूळ भाषेत, खाली अक्षरं देऊन दाखवतात. जर्मनीत जवळजवळ सगळं जर्मनमध्ये बोलवून घेतात, आणि तेही उरकायचं म्हणून नाही. रॉबर्ट डी नीरोला अनेक दशकं क्रिस्टियान ब्रुकनर यांचा आवाज आहे. स्टॅलोन आणि श्वार्झनेगर, दोघांचाही आवाज वर्षानुवर्षं थॉमस डानेबर्ग यांचा होता. आवाज बदलला तर प्रेक्षक चक्क नाराज होतात, कारण त्यांच्या लेखी तो नट म्हणजे तो आवाज. त्यामुळे इथला माणूस न्यूयॉर्कचे रस्ते, अमेरिकन शाळा, तिथली कोर्टं बघत लहानाचा मोठा होतो, पण ती सगळी माणसं त्याच्याशी जर्मनमध्ये बोलतात. विचारांवर प्रभाव पडतो, भाषा मात्र उपाशी राहत नाही. शेकडो अनुवादक, दिग्दर्शक आणि नट या डबिंगवर पोट भरतात. मराठी माणूस म्हणून मला याचा खरंच हेवा वाटतो. आपल्याकडे हॉलिवूडचे मोठे सिनेमे हिंदी, तमिळ, तेलुगूत येतात, मराठीच्या वाट्याला क्वचितच काही येतं.

पण याच डबिंगनं लपवाछपवीही केली. ‘कॅसाब्लांका’ हा युद्धकाळातला हॉलिवूडपट पश्चिम जर्मनीत 1952 मध्ये लागला तेव्हा त्यातून नाझी जवळपास काढूनच टाकले होते. सुमारे पंचवीस मिनिटं कापली होती. फॅसिझमविरुद्ध लढणारा व्हिक्टर लाझलो हा व्हिक्टर लार्सन नावाचा नॉर्वेजियन अणुशास्त्रज्ञ झाला. हिचकॉकच्या ‘नटोरियस’मधले नाझी अमली पदार्थांचे तस्कर झाले आणि चित्रपटाचं नावही ‘पांढरं विष’ अशा अर्थाचं ठेवलं. लोकांना स्वतःचा भूतकाळ पडद्यावर नको होता. ‘कॅसाब्लांका’ पूर्ण रूपात, नव्या डबिंगसह दाखवायला 1975 उजाडलं. म्हणजे बाहेरचं आपल्या भाषेत आणलं की ते आपोआप चांगलं, असंही नाही. कोण काय गाळतंय हे बघावं लागतं.

याच्या पुढची पायरी मला सर्वांत आवडते. अमेरिकेत 1964 मध्ये तीन मुलगे रहस्यं सोडवतात अशी एक पुस्तकमालिका सुरू झाली. तिकडे ती केव्हाच बंद पडली. जर्मनीत 1979 पासून तिच्या श्रुतिका कॅसेटवर येऊ लागल्या, नाव ‘डी ड्राय फ्रागेत्सायशेन’, म्हणजे ‘तीन प्रश्नचिन्हं’. मूळ गोष्टी संपल्यावर जर्मन लेखकांनी नव्या लिहायला घेतल्या. आजवर दोनशेच्या वर श्रुतिका झाल्यात आणि मुख्य तीन भूमिका अजूनही सुरुवातीचेच तिघे नट करतात. गोष्टी घडतात कॅलिफोर्नियातल्या रॉकी बीच या काल्पनिक गावात. चाळिशी-पन्नाशीतले लोक आजही झोपताना त्या लावतात, आणि प्रत्यक्ष प्रयोगांना हजारोंची गर्दी होते. हा अमेरिकन प्रभाव म्हणायचा की जर्मन बालपण? मी तर जर्मन बालपणच म्हणेन.

पूर्व जर्मनीची गोष्ट वेगळी. तिथे कम्युनिस्ट सत्ताधाऱ्यांना पाश्चात्त्य संगीताची धास्ती होती. 1965 मध्ये तिथले सर्वोच्च नेते वाल्टर उल्ब्रिख्त यांनी पश्चिमेकडून येणारी प्रत्येक घाण आपण उचलायची का, असं विचारत बीटल्सच्या ‘ये ये ये’वर तोंडसुख घेतलं. त्याच वर्षी लाइपझिगमध्ये बीट संगीतावरच्या, म्हणजे बीटल्सच्या धाटणीच्या संगीतावरच्या, बंदीविरुद्ध तरुण रस्त्यावर उतरले, तेव्हा पोलिसांनी त्यांना बेदम मारून पांगवलं आणि कित्येकांना कोळशाच्या खाणीत कामाला जुंपलं. वीस वर्षांनी, 1985 मध्ये, त्याच सरकारनं ‘बीट स्ट्रीट’ हा अमेरिकन सिनेमा लागू दिला, कारण त्यात भांडवलशाहीतली गरिबी दिसते. पोरांनी त्यातला ब्रेकडान्स तेवढा उचलला आणि चौकाचौकात नाचू लागली.

रॅपचंही असंच. हायडेलबर्गला अमेरिकन सैन्याचं मोठं ठाणं होतं, त्यामुळे हिप-हॉप तिथे लवकर पोचलं. तिथल्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड केमिस्ट्री’ या गटानं सुरुवात इंग्रजीतून केली, पण 1992 मध्ये ‘स्वतःच्याच देशात परके’ अशा अर्थाचं त्यांचं गाणं आलं ते जर्मनमध्ये. गटातल्या मुलांची मुळं हैती, घाना आणि इटलीतली. खिशात जर्मन पासपोर्ट असूनही परकं ठरवलं जाण्याचा संताप त्या गाण्यात आहे. साचा न्यूयॉर्कचा, पण हे दुःख इथलं आणि ते सांगायची भाषाही इथलीच. परदेशातून येऊन इथे राहणाऱ्या माझ्यासारखीला ते गाणं फार आतून कळतं.

जिथे असं काही घडलं नाही, ती आयात मला पोकळ वाटते. भुताखेतांची सोंगं घेण्याचा हॅलोवीन हा सण घ्या. 1990च्या दशकात दुकानदारांनी तो जोरात आणला, आणि तो येतो नेमका मार्टिन ल्यूथरच्या प्रोटेस्टंट धर्मसुधारणेच्या स्मरणदिनी, 31 ऑक्टोबरला. जाहिरातींतल्या इंग्रजीबद्दलही माझं हेच मत आहे.

तुम्ही जर्मन शिकताय म्हणून शेवटी एक सुचवते. ‘तीन प्रश्नचिन्हं’ची पहिली श्रुतिका ‘सुपर-पापागाय’ ऐका. संवाद स्वच्छ आहेत, दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला झेपतील. मग ओळखीचा एखादा हॉलिवूडपट जर्मनमध्ये बघा, गोष्ट माहीत असल्यानं कान भाषेकडे राहतो. आणि 31 डिसेंबरला ‘डिनर फॉर वन’ शोधा. एनडीआरनं 1963 मध्ये चित्रित केलेलं हे ब्रिटिश प्रहसन जर्मनीत दरवर्षी त्या रात्री लागतं, आणि ते मात्र इंग्रजीतच. खुद्द ब्रिटनमध्ये ते अनेक दशकं फारसं कुणाला माहीत नव्हतं. इथे घरोघरी संवाद पाठ आहेत.