चांदोली राष्ट्रीय उद्यानात वाघ दिसला नाही, तर कोणते छोटे सस्तन प्राणी बघायला मिळतील?

सर्वात आधी शेकरू. सकाळी लवकर निघा आणि मान वर ठेवा. हा आपला राज्यप्राणी क्वचितच जमिनीवर उतरतो; फांदीवरून फांदीवर सहा मीटरपर्यंत झेप घेतो. काटक्या-पानांचं गोल, मोठं घरटं बांधतो, तेही एक नाही, बरीच. त्यामुळे घरटं दिसलं म्हणजे शेकरू आत असेलच असं नाही. त्याचा खडखडाटी आवाज ओळखायला शिका, तो बहुतेक वेळा दिसण्याआधी ऐकू येतो.

माझं सगळ्यात लाडकं मात्र पिसोरी. जेमतेम फूटभर उंच, अंगावर पांढरे ठिपके-पट्टे. लोक त्याला हरीण समजतात, पण ते खरं हरीण नव्हे. त्याला शिंगं नसतात, नराला छोटे सुळे असतात. ते रात्री फिरतं आणि दिवसा ढोलीत किंवा दाट झाडोऱ्यात दडतं, त्यामुळे दिसलं तर भाग्यच.

साळिंदर, उदमांजर, खवले मांजर हेही निशाचर. साळिंदराचा काटा वाटेवर पडलेला सापडू शकतो; बघा आणि तिथेच राहू द्या. खवले मांजराची खवल्यांसाठी शिकार होते, म्हणून कुठे दिसलं तर नेमकी जागा समाजमाध्यमांवर टाकू नका, फक्त वनरक्षकाला सांगा.