नायटल लावलं की ओरखडे परत का उमटतात?

प्रश्न : मी धातुशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्रॅक्टिकलला ०.४% कार्बनच्या पोलादाचा नमुना आरशासारखा चकचकीत होतो, पण नायटल (पोलादाची आतली रचना दिसावी म्हणून लावतात ते नायट्रिक आम्ल आणि अल्कोहोलचं द्रावण) लावताच ओरखडे दिसू लागतात. पॉलिशिंग आणखी वेळ करू का?
– विद्यार्थिनी, पुणे

उत्तर : पॉलिशिंग नको, इमरी पेपरला वेळ द्या. ओरखडा पडताना त्याच्याखालचा धातूही चेपला जातो. पॉलिशिंगच्या फिरत्या डिस्कवर वरचा धातू सारवल्यासारखा पसरतो आणि रेघ झाकली जाते इतकंच. चेपलेला भाग आम्लात वेगळ्या वेगाने झिजतो, म्हणून रेघ उघडी पडते.

घासायच्या बेल्टवर सपाट केल्यावर १/०, २/०, ३/०, ४/० हे पेपर जाडपासून बारीक या क्रमाने वापरा; एकही गाळू नका. दर पेपरला नमुना ९० अंशांत वळवा. आधीच्या रेघा दिसेनाशा झाल्या की तिथेच न थांबता आणखी तितकाच वेळ घासा, कारण चेपलेला थर रेघेपेक्षा खोल असतो. पेपर बदलताना नमुना धुवा, हातही धुवा. जाड पेपरचा एक कण ४/० वर आला की पुन्हा पहिल्यापासून! (तो बहुधा नखात दडलेला असतो.) मखमली कापडावर अॅल्युमिना (पॉलिशची बारीक पूड) घेतल्यावर नमुना चाकाच्या उलट दिशेने फिरवत राहा. एकाच बाजूने धरला तर पोलादातल्या अधातू कणांमागे धूमकेतूसारख्या शेपट्या दिसतात.

२% नायटलसाठी ९८ मिली इथेनॉलमध्ये २ मिली संहत नायट्रिक आम्ल हळूहळू घाला. आम्लात अल्कोहोल कधीच ओतू नका. ३ टक्क्यांहून तीव्र द्रावण बंद बाटलीत साठवणं धोक्याचं, आत दाब वाढून बाटली फुटू शकते. नमुना ५ ते १० सेकंद बुडवा, चकाकी जाऊन दुधट छटा आली की लगेच पाण्याने, मग अल्कोहोलने धुवा आणि गरम हवेने वाळवा. पाणी राहिलं तर तपकिरी गंज धरतो. त्याला पर्लाइट (फेराइट म्हणजे जवळपास शुद्ध लोह, आणि लोह-कार्बाइड यांच्या पातळ थरांचा भाग) समजून वहीत काढू नका.

१०० पट मोठं करून पाहिल्यावर पांढरे फेराइट आणि काळपट पर्लाइट जवळपास निम्मं-निम्मं दिसायला हवं. पर्लाइटमध्ये सुमारे ०.८% कार्बन असतो, फेराइटमध्ये जवळपास नाहीच, म्हणून ०.५ × ०.८ = ०.४% कार्बन. नमुना भट्टीतच सावकाश थंड झालेला असेल तरच हे गणित जमतं. हवेत थंड केलेल्यात पर्लाइट जास्त भरतो आणि उत्तर फुगतं.

प्रश्न : मुलीला बारावीनंतर मटेरियल्स सायन्स घ्यायचं आहे. म्हणजे केमिस्ट्रीच ना?
– पालक, नाशिक

उत्तर : नाही. अणूंची रचना, उष्मागतिकी, प्रावस्था आकृत्या (कोणत्या तापमानाला मिश्रधातू कोणत्या रूपात असतो ते दाखवणारे आलेख) आणि धातू का वाकतो-तुटतो, हा गाभा; गणित आणि भौतिकशास्त्र कच्चं असेल तर जड जातं. महाराष्ट्रात आयआयटी मुंबईला जेईई अॅडव्हान्स्ड, नागपूरच्या व्हीएनआयटीला जेईई मेन, तर पुण्याच्या सीओईपीला मुख्यतः एमएचटी-सीईटी लागते. अर्ज भरताना ‘मेटलर्जी’ या नावाखालीही शोधा, शाखा बऱ्याच ठिकाणी तिथेच सापडते.